लाईट गेल्यावर बोलणारी आक्का

सीमाभागातल्या शहापूरच्या आमच्या गल्लीत लाईट गेली की सगळे वैतागायचे. यंत्रमाग थांबायचे, सकाळपासून कानात भरलेला खडखडाट एकाएकी नाहीसा व्हायचा आणि माणसं उंबऱ्यावर येऊन तारांकडे बघत बसायची. आनंद व्हायचा तो एकट्या आक्काला. हातातली भाजी तशीच टाकून, ओले हात पदराला पुसत ती मागच्या खोलीकडे जवळजवळ पळतच जायची. तिथलं लाकडी कपाट उघडायची, आत शिरायची आणि दार ओढून घ्यायची. मग आतून बोलण्याचा आवाज येऊ लागायचा.

त्या कपाटात घरच्या मागावरच्या साड्यांचे गठ्ठे होते. मधली फळी काढून आक्काने आत एक बुटकं स्टूल ठेवलं होतं, आणि साड्यांच्या हँगरला माईक बांधला होता. साड्यांमुळे आवाज घुमत नाही, हे तिचं तिनेच शोधून काढलं होतं. मांडीवर लॅपटॉप, कानाला हेडफोन, आणि घामाने चिंब झालेली आक्का. शेजारच्या काकू सुरुवातीला मला दबक्या आवाजात म्हणाल्या होत्या, "तुझी घरमालकीण कपाटात बसून कुणाशी तरी बोलत असतीय बघ. बाहेरचं काय असलं तर सांग, आमच्यात एक बघणारा हाय." मी हे आक्काला सांगितलं तेव्हा ती हसून म्हणाली, "बाहेरचंच हाय की. बेंगळूरचं."

खरंच होतं ते. आक्का इंटरनेटवरून कामं घ्यायची आणि आपला आवाज द्यायची. मुलांच्या मोबाईलवरचे धडे, कुठल्याशा कार्यालयातल्या सूचना, औषध कधी घ्यायचं ते सांगणारे संदेश, असं काहीही. मराठीतही आणि कन्नडमध्येही. काम देणाऱ्यांपैकी एकालाही तिने समोरासमोर पाहिलं नव्हतं. लग्नाआधी ती निपाणीत शाळेच्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन करायची. पुढे संसारात ते राहून गेलं. मुलगा हुबळीला नोकरीला गेला तेव्हा आपला जुना लॅपटॉप तिला देऊन गेला आणि तिथून हे सुरू झालं. घरात ती आमच्याकडच्या बायांसारखी "मी आलो, मी जातो" असंच बोलायची. कपाटात शिरली की "मी आले, मी जाते". त्या दाराच्या आत आणि बाहेर जणू दोन वेगवेगळ्या आक्का होत्या.

आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहायला आलो तेव्हा मी तिला अहो-जाहो करायची. दोन-चार दिवस तिने ऐकून घेतलं आणि मग म्हणाली, "आक्का म्हणतीस आणि वर तुम्ही पण म्हणतीस. एक कायतरी म्हण गं." तेव्हापासून ती आक्का झाली आणि मी पोरी.

माझी नोकरी गेली ती त्याच वर्षी. एका लहानशा खाजगी शाळेत मी शिकवत होते, तिथले वर्ग कमी झाले. मुलगा लहान, नवऱ्याची कारखान्यातली पाळी बदलती, त्यामुळे बाहेर दुसरीकडे जाणं अवघड होतं. फोनवर एक जाहिरात आली, घरबसल्या टायपिंगचं काम, फक्त आधी थोडी अनामत भरायची. मी भरायला बसलेच होते. सहज म्हणून आक्काला दाखवलं. तिने फोन हातात घेतला, नीट वाचला आणि परत दिला. "काम द्यायच्या आधी जो पैसे मागतोय, त्याचं काम म्हणजे तूच हैस," ती म्हणाली. मग मला बसवून घेतलं, चहा टाकला आणि विचारलं, "तुला येतंय काय?"

मी म्हणाले, टायपिंग येतं, निबंध लिहिता येतात, फोटो नीट करता येतात, जाहिरातीही बनवता येतील. ती ऐकत राहिली. "हे सगळं सगळ्यांनाच येतंय. तू पण माझ्यासारखी निपाणीत वाढलीस. घरात मराठी, दुकानात कन्नड. कन्नड वाचून मराठीत सांगतीस, ते किती जणांना येतंय?" मला हसूच आलं. ते काय काम होतं का? आमच्याकडे पोस्टात, बँकेत, बसस्टँडवर सगळेच ते दिवसभर करतात. "म्हणूनच तुला ते दिसत न्हाय," आक्का म्हणाली. "एकच धर. लोकांनी तुला एका कामासाठी ओळखू दे. बाकीचं मागनं बघू."

कुणीही काम दिलेलं नसताना तिने मला कामाला लावलं. बियाण्याच्या पाकिटावरचा मजकूर, खोकल्याच्या औषधाची माहिती, शाळेच्या सहलीची सूचना, हे सगळं कन्नडमधून मराठीत करायला लावलं. "नमुना असल्याशिवाय कोण विश्वास ठेवणार? साडी घेताना आपण पदर उलगडून बघत न्हाय का?" माझं भाषांतर ती मोठ्याने वाचायची. वाचताना जिथे अडखळायची तिथे थांबून माझ्याकडे नुसतं बघायची. चुकलं असं कधी म्हणाली नाही. मीच कागद ओढून घ्यायची.

पहिला अर्ज मी मोठ्या उमेदीने लिहिला होता. माझी परिस्थिती, लहान मूल, गेलेली नोकरी, एक संधी द्या. पाठवायच्या आधी तिला दाखवला. वाचताना तिचे डोळे भरून आले, ते मी पाहिलं. पण पुसून ती म्हणाली, "हे मला सांग, रोज सांग, मी ऐकतो. काम देणाऱ्याला नको सांगू. त्याची अडचण काय हाय ते त्यानं वर लिहिलंय, ते वाचलीस का?" मी वाचलं नव्हतं. त्याला शेतीच्या औषधांची माहितीपत्रकं मराठीत करून हवी होती, आणि आधीच्या माणसाने शब्द फार अवघड वापरले होते. आम्ही दोघींनी मिळून पुन्हा लिहिलं. चार ओळी, त्यात त्याच्याच पत्रकातला एक परिच्छेद सोप्या मराठीत करून जोडला.

त्याचं उत्तर आलं नाही. नंतरच्यांचीही आली नाहीत. मी तासातासाला फोन उघडून बघायची. एक दिवस आक्काने माझ्या हातातून फोन काढून घेतला आणि निवडायला मेथी दिली. "पाठवलं की ते आपलं न्हाय. तिकडं कोण आजारी असंल, कोण जेवायला उठलं असंल, कुणाला दुसरं कोण आवडलं असंल. तुला नको म्हणालेत असं कशाला धरून बसतीस? तुला ओळखतोय कोण तिकडं?" ते ऐकून वाईट वाटायच्या ऐवजी मला हलकंच वाटलं. पावसाळा संपता संपता मला पहिलं काम मिळालं, तेही एका छोट्या पत्रकाचं. आक्काने शिरा केला.

त्याच कामात माझ्या मुलाला ताप भरला. सांगितलेल्या वेळेत होणार नाही हे दिसत होतं, पण मला वाटत होतं, बघू, जमलंच तर जमेल, नाहीतर मग सांगू. आक्का मुलाच्या कपाळावर पट्ट्या ठेवत होती. ठेवता ठेवता म्हणाली, "आत्ताच कळव त्याला. उशीर झाल्यावर सांगितलं की ती सबब वाटतीय. आधी सांगितलं की त्याला काहीतरी कराय येतंय." मी कळवलं. त्याने दोन दिवस वाढवून दिले, आणि वर मुलाला कसं आहे विचारलं.

अण्णा, म्हणजे आक्काचे यजमान, खालच्या मजल्यावर माग चालवायचे. बोलणं अगदी कमी. पण आक्काचं काम तुंबलंय आणि लाईट काही जात नाही असं दिसलं की ते मेन स्विच खाली ओढायचे आणि "जरा चहा पिऊन येतो" म्हणून पायरीवर जाऊन बसायचे. चहा वगैरे काही प्यायचे नाहीत. शेजारच्यांचे माग लांबून ऐकू यायचे, पण तेवढा आवाज कपाट गिळून टाकायचं. आतला आवाज थांबला की ते उठून पुन्हा माग सुरू करायचे. याबद्दल त्या दोघांना एकमेकांशी एक शब्दही बोलताना मी ऐकलं नाही.

आक्काच्या गळ्याला गाठ असल्याचं कळलं तेव्हा ती बेंगळूरच्या एका कंपनीसाठी मुलांच्या गोष्टीरूप धड्यांचं मोठं काम करत होती. निम्मं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, गाठ काढावी लागेल. आवाजाची नस अगदी जवळून जाते, आवाज पहिल्यासारखा राहील याची खात्री देता येत नाही. घरी आल्यावर आक्काने चहा टाकला. मग अण्णांनी तोंड उघडलं. "कंपनीला आत्ता सांगू नको. जमंल तेवढं उरकून घे. मागनं काय व्हायचं ते होऊ दे."

आक्का म्हणाली, "आणि न्हाय उरकलं तर? पोरं गोष्ट अर्धी ऐकून बसतील."

तिने माझ्यासमोरच कंपनीतल्या मॅडमना फोन लावला आणि कन्नडमध्ये सगळं सरळ सांगितलं. पलीकडची बाई वयाने लहान असावी. ती आधी हळहळली आणि मग म्हणाली, की उरलेले धडे दुसऱ्या कुणाला तरी द्यावे लागतील, तिचाही नाइलाज आहे. आक्का "सरी, सरी", म्हणजे बरं, बरं, म्हणत राहिली. फोन ठेवल्यावर तिने स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डबे पुसायला काढले. मी मागे गेले तर म्हणाली, "तिनं बरोबर केलं. मी पण तेच केलं असतं." आणि डबा पुसत राहिली.

ऑपरेशनच्या आधीचे दिवस तिने विश्रांती घ्यायची, तर ती कपाटात जाऊन बसू लागली. गोष्टीतला कोल्हा कसा बोलतो, आजी कशी बोलते, कुठल्या पोराला ती काय नावाने हाक मारते, हे सगळं तिने नव्या आवाजाच्या बाईसाठी बोलून ठेवलं आणि मॅडमना पाठवून दिलं. कुणी मागितलं नव्हतं. "पोरांना एकदम परकं वाटू नये," एवढंच म्हणाली.

ऑपरेशन चांगलं झालं, गाठही साधी निघाली. आवाज मात्र गेला. म्हणजे बोलता यायचं, पण कोरडं, घोगरं, वाक्याच्या शेवटी श्वास संपायचा. आवाज परत येईल म्हणून सगळे सांगत होते. ती सांगितलेले व्यायाम करत होती, कोमट पाणी पीत होती. महिने गेले. एका दुपारी लाईट गेली, गल्ली शांत झाली, आणि आक्का मागच्या खोलीकडे न जाता बाहेर येऊन पायरीवर बायकांच्यात बसली. शेजारच्या काकूंनी सरकून तिला जागा दिली. कपाटातल्या बोलण्याला बाहेरचं समजणाऱ्या त्याच काकू. त्या दिवशी त्यांनी तिचा हात हातात घेतला आणि लाईट येईपर्यंत सोडला नाही.

उन्हाळ्यात त्या बेंगळूरच्या मॅडमचा फोन आला. मराठी धड्यांमध्ये उच्चारांच्या फार चुका राहत होत्या, पालक तक्रार करत होते. प्रत्येक धडा बाहेर जायच्या आधी कुणीतरी कान देऊन ऐकायला हवा होता. मॅडम म्हणाल्या, "आवाज जायच्या आधी तुम्ही मला सांगितलंत. तेव्हापासून तुमचं नाव माझ्या डोक्यातून गेलेलं नाही." आक्काने लगेच हो म्हटलं नाही. "दोन धडे पाठवा," ती आपल्या त्या फाटक्या आवाजात म्हणाली. "ऐकून सांगतो. तुम्हाला पटलं तर पुढचं बघू." फोन ठेवून माझ्याकडे वळली आणि म्हणाली, "परत पहिल्यापास्नं सुरू की गं पोरी." तिला त्याचं काही वाटत नव्हतं. ऐकायला शांतता लागत नव्हती, हेडफोन पुरत होता. माग चालू असताना ती खिडकीत बसून काम करू लागली. मला मात्र कितीतरी दिवस लाईट गेली की वाईट वाटायचं.

पुढे अण्णांच्याने माग चालवेनात. मुलाने दोघांना हुबळीला बोलावून घेतलं. जायच्या आधी एकदा शेवटचं डॉक्टरांना दाखवायचं म्हणून आक्काने मला सोबत नेलं. डॉक्टर आता दुसऱ्याच, मोठ्या रुग्णालयात बसत होते. आम्ही पहिल्यांदाच जात होतो. बाकांवर गर्दी होती, आम्हीही चिठ्ठी घेऊन बसलो. थोड्या वेळाने भिंतीवरच्या स्पीकरमधून आवाज आला. पुढचा क्रमांक, कुठल्या खोलीत जायचं, आधी कन्नडमध्ये आणि मग मराठीत. स्वच्छ, मऊ, जराही न अडखळणारा. मी आक्काकडे बघितलं. ती वर स्पीकरकडे बघत होती. तिनेच कधीतरी केलेलं काम, कुठे वापरणार हे तेव्हा तिला कुणी सांगितलंही नव्हतं.

तिच्या पलीकडे एक म्हातारे गृहस्थ बसले होते, टोपी मांडीवर घेऊन. तोच क्रमांक पुन्हा पुकारला गेला. ते गोंधळून इकडेतिकडे बघू लागले आणि आक्काला म्हणाले, "काय म्हणाली गं बाई ती?"

आक्काने त्यांच्या हातातली चिठ्ठी वाकून बघितली. "तुमचाच नंबर हाय आजोबा. त्या निळ्या दाराच्या खोलीत जावा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. ते उठले, काठी सावरत गेले. आक्का माझ्याकडे झुकली. "लई भरभर म्हटलोय मी ते. म्हाताऱ्या माणसांना कसं कळणार?"

स्पीकर पुन्हा बोलला, आणि समोरच्या बाकावरची एक बाई तशीच गोंधळली. आक्का उठून तिच्याकडे गेली. मग आणखी कुणाकडे. आमचा नंबर लागला तेव्हा ती कुणालातरी वाट दाखवायला व्हरांड्याच्या टोकापर्यंत गेली होती, आणि तिला तिचाच आवाज ऐकू आला नाही. मी जाऊन तिला हाक मारून आणलं.