मंगळाचा दगड आणि वहिनीचा घसा

माझी वहिनी बोलून बोलून थकली होती. हे मी गमतीनं म्हणत नाही, बोलणं हीच तिची नोकरी होती. आमच्या गावातल्या विज्ञान केंद्राच्या दुसऱ्या मजल्यावर ग्रहांचं दालन आहे. शाळांच्या सहली तिथे येतात. दुसऱ्या ग्रहांवर कसले दगड आहेत, कोणती खनिजं आहेत, हे वहिनी त्या मुलांना सांगायची. एक वर्ग गेला की दुसरा दारात उभाच. मुलं तिला दगडमावशी म्हणत.

खरा परग्रहावरचा दगड तिथे एकच. काचेखाली ठेवलेला, अंगठ्याच्या नखाएवढा, करडा. फार फार पूर्वी मंगळावर काहीतरी जोरात आदळलं, तिथला खडक उडाला, अवकाशात भटकत राहिला आणि शेवटी पृथ्वीवर येऊन पडला. मुलं हमखास विचारायची, "तो मंगळाचाच कशावरून?" मग वहिनी सांगायची, अशा काही दगडांच्या पोटात थोडी हवा अडकलेली सापडली, आणि मंगळावर उतरलेल्या यानांनी तिथली जी हवा मोजली तिच्याशी ती तंतोतंत जुळली. बाकी ट्रेमधले दगड आपल्या पृथ्वीवरचेच, पण तिकडच्या दगडांचे सख्खे नातेवाईक. ज्वालामुखीतून आलेला काळा बेसॉल्ट, जो मंगळावर आणि शुक्रावरही पसरलेला आहे. हिरवट ऑलिव्हिन. पांढरं जिप्सम. आणि लोखंडाचं खनिज हेमॅटाइट, हातात घेतलं की वजनानं हात खालीच जातो. इतक्या हातांतून गेल्यानं त्या दगडांचे कोपरे साबणाच्या वडीसारखे गुळगुळीत झाले होते.

दादा म्हणायचा, "ही झोपेतसुद्धा बडबडते, 'हात लावा, पण खिशात घालू नका!'"

बरं, घरी आल्यावर तरी घशाला आराम? छे. आमची आई ठार नाही, पण चांगलीच बहिरी. कानाचं मशीन आहे, पण त्यात शिट्ट्या वाजतात म्हणून ते बटणांच्या डब्यात पडलेलं असतं. आई आयुष्यभर शिवणकाम करत आली, त्यामुळे घरात बटणांचे डबे भरपूर. तिला काहीही सांगायचं म्हणजे ओरडून. "आई, गोळी घेतली का?" "कोण आलंय?" "गोळी! गोळी!" दादा गॅरेजमधून उशिरा येणार, मी दोन गल्ल्या पलीकडे. म्हणजे सगळी ओरड वहिनीच्याच वाट्याला.

मग एक दिवस आवाज गेला. हळूहळू नाही, वाक्याच्या मध्येच. बुध ग्रह इतका काळपट का दिसतो, हे ती सांगत होती. त्याच्या मातीत कार्बन आहे, बहुधा ग्रॅफाइट, म्हणजे आपल्या पेन्सिलीत असतं तेच. 'पेन्सिलीत' म्हणायला तिनं तोंड उघडलं आणि आवाजच निघेना. मुलांना वाटलं मावशी ओळखायला लावतेय. सगळी ओरडायला लागली, "खडू! कोळसा!"

घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे मीच घेऊन गेले. त्यांनी नळी घालून पाहिलं आणि म्हणाल्या, "स्वरयंत्रावर गाठी आल्यात. घाबरण्यासारख्या नाहीत, पण बोलणं बंद. कुजबुजायचंसुद्धा नाही."

वहिनीनं कागदावर लिहिलं, 'किती दिवस?'

"मी सांगेपर्यंत."

बाहेर आल्यावर ती दवाखान्याच्या पायरीवरच बसली. मला वाटलं रडेल. रडली नाही. भिंतीला डोकं टेकलं आणि डोळे मिटून घेतले. खूप लांबून चालत आलेलं माणूस बसतं ना, तशी.

रजा शिल्लक नव्हती, म्हणून ती कामावर जातच राहिली. न बोलता. पहिल्या वर्गासमोर तिनं ट्रे ठेवला, हेमॅटाइटचा काळा तुकडा उचलला आणि एका सुट्या फरशीच्या खडबडीत मागच्या बाजूवर ओढला. काळ्या दगडाची लालसर रेघ उमटली! मुलं पुढे सरकली. प्रत्येकाला ओढून बघायचं होतं. वहिनीनं भिंतीवरच्या मंगळाच्या चित्राकडे बोट दाखवलं. एक मुलगी म्हणाली, "म्हणून तो लाल! त्याच्यावर याची धूळ आहे." दुसरा म्हणाला, "नाही, तिथे गरम असतं म्हणून लाल." आणि बराच मोठा घोळका त्या दुसऱ्याच्या बाजूनं झाला.

मला सांगताना वहिनीनं लिहिलं होतं, 'मंगळ थंडगार आहे गं. आणि मी नुसती मान हलवत होते. ती माझ्याकडे बघतच नव्हती.'

तो वर्ग मंगळ गरम आहे असंच समजून घरी गेला. हे तिला फार लागलं. शिवाय त्यांच्या बाई मॅनेजरांकडे जाऊन म्हणाल्या, "आम्ही तिकीट काढून मुकाट्यानं दगड बघायला आलो होतो का?"

मॅनेजर वाईट माणूस नाही. त्यांनी शांतपणे सांगितलं, आपण माहिती रेकॉर्ड करून घेऊ. कुणा तरुण मुलीचा आवाज घेतला. बटण दाबलं की सुरू. मला वाटलं होतं मुलं ते ऐकणारच नाहीत, गोंधळ घालतील, मग यांना वहिनीची किंमत कळेल. तसं काही झालं नाही. आवाज गोड होता, मागे थोडं संगीत होतं, आणि मुलं चूपचाप उभी राहून ऐकायची. वहिनीची कामगिरी एवढीच उरली, की ऐकून झाल्यावर कोपऱ्यातल्या टेबलाशी ट्रे घेऊन बसायचं. ज्याला यायचं तो येईल.

पुढे डॉक्टरीणबाईंनी थोडं थोडं बोलायची परवानगी दिली. तरी मॅनेजर म्हणाले, "रेकॉर्डिंग राहू दे. तुम्ही घसा जपा." म्हटलं तर काळजी, म्हटलं तर निरोप. मी विचारलं, "वहिनी, वाईट वाटलं?"

"सुटले," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. मग पाण्याचा घोट घेऊन, "पण दगडापेक्षा वीट मऊ म्हणायचं, आणि वीटच डोक्यात पडायची, तसं झालंय."

घरातही शांतता पसरली होती. वहिनी ओरडेना, त्यामुळे आईला काहीच कळेना. ती चिडचिड करायला लागली. एका सोमवारी मी काम करते त्या लाँड्रीला सुट्टी होती, तेव्हा मी म्हटलं, आईला जरा बाहेर काढू. आणि तिला घेऊन केंद्रावर गेले. इतक्या वर्षांत ती तिथे कधी गेली नव्हती. दोन जिने चढताना चार वेळा थांबली आणि चारही वेळा मलाच बोल लावले.

वर रेकॉर्डिंग चालू होतं. आईला त्यातलं अक्षर ऐकू आलं नाही. ती गर्दीतून वाट काढत थेट कोपऱ्यातल्या टेबलाशी गेली, कारण तिथे बसायला स्टूल होतं. वहिनी दचकलीच. मग तिनं जिप्समचा तुकडा आईच्या हातात दिला आणि स्वतःचं नख त्यावर ओढून दाखवलं. आईनं ओढलं. चरा पडला.

"अय्या! खडूच की हा," आई सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली. "शिवणाचा खडू असाच असतो!"

वहिनीनं कागदावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'पाणी आटलं की मागे असा थर उरतो. मंगळावर असे पांढरे पट्टे सापडलेत.'

आईनं चष्मा वर करून वाचलं. पुन्हा वाचलं. "म्हणजे तिथे पाणी होतं?"

वहिनीनं मान डोलावली.

मग ऑलिव्हिन आलं. वहिनीनं लिहिलं, पाण्याशी गाठ पडली की हे बदलून जातं, म्हणून जिथे ते भरपूर उरलंय तिथे पाणी फार काळ टिकलं नसावं. आईनं ते दिव्याखाली धरून फिरवलं, कापडाचा पोत बघावा तसं. हेमॅटाइट दिलं तर म्हणाली, "हे बाई, माझ्या इस्त्रीएवढं जड!" चार मुलं तिच्या आवाजानं वळून बघायला लागली आणि रेकॉर्डिंग सोडून टेबलापाशी आली. ती दोन मिनिटंच. त्यांच्या सरांनी हाक मारली, तशी गेली.

आई दगड हातात घेऊन बसून राहिली. मग वहिनीला म्हणाली, "अगं, तू रोज हे सांगायचीस लोकांना? मला वाटायचं तू तिकिटं फाडतेस."

वहिनी हसली. हसताना खोकला आला, डोळ्यांत पाणी आलं, आणि ते कशाचं होतं ते मी विचारलं नाही. आईनं तिच्या पाठीवर हात फिरवला. "कुणी मला सांगितलंच नाही," ती म्हणाली. तिला सांगितलं नव्हतं असं नाही. ओरडून ओरडून फक्त गोळीचं, दुधाचं आणि दाराच्या कडीचं सांगितलं होतं. बाकीचं सांगायला घसा उरायचाच नाही.

निवृत्तीला अजून थोडा अवकाश आहे. वहिनी तो काळ कोपऱ्यातल्या टेबलाशीच काढतेय. आवाज परत आलाय, पण जाडा. फोनवर लोक तिला 'दादा' म्हणतात. परवा मी गेले तेव्हा समोर एकच मुलगा होता, बेसॉल्टची भोकं मोजत. "ही कशाची भोकं?" त्यानं विचारलं. वहिनी म्हणाली, "लाव्हा थंड होताना त्यात वायूचे बुडबुडे अडकले, त्यांची." एवढंच. मग तो बघत बसला, आणि ती पाय लांब करून, चपला अर्धवट काढून, त्याच्या बघण्याकडे बघत बसली.