सुमेधचा उजवा पाय

हे मी कुणालाच सांगितलेलं न्हाई. आईला न्हाई, दोस्तांना न्हाई — आन् ज्याला सांगायला पाहिजे होतं त्याला तर बिलकुल न्हाई. तुमाला सांगायलोय, कारण तुमी मला ओळखत न्हाई.

मी नकला करतो. पालममधी कुणालाबी विचारा. सुट्ट्या पैशावरून खेकसणारा कंडक्टर, झोपेतच कापड मोजणारा दुकानदार, आमचे खेळाचे कदम सर — चालणं, खाकरणं, सगळं. माणूस समोर असला तरी करतो. लोक हसतात. मला दुसरं काही येतं का? खरं सांगू — न्हाई.

फुटबॉलबी येत न्हाई. पण परभणीत शाळांची मॅच होती, जिंकेल ती टीम विभागाला जाणार होती, आन् लाईनवर झेंडा घेऊन उभं राहायला माणूस कमी पडला. रेफ्री कदम सरच. मी त्यांचा जुना विद्यार्थी. त्यांनी हातात झेंडा दिला आन् समजावलं — बॉल लाईनबाहेर गेला की थ्रो. थ्रो मारणाऱ्याचे दोन्ही हात डोक्याच्या मागून यायला पाहिजेत, दोन्ही पाय जमिनीला लागलेले पाहिजेत. "बॉल जिथं पडतो तिथं पोरं ढकलाढकली करतात, ते मी बघतो. पाय तू बघ. फक्त पाय." आन् चुकलं तर? कार्ड न्हाई, फ्री किक न्हाई. थ्रो दुसऱ्या टीमला, बस्स. बारीकसारीक असलं तर बरेच रेफ्री सोडूनबी देतात म्हणे. म्हणजे बघा — अख्ख्या खेळातली सगळ्यात किरकोळ चूक.

चुडाव्याचं सुमेध म्हणून एक पोरगं होतं, नववीतलं. लय बारीक. पळण्यात बरं, लाथ मारण्यात जेमतेम — पण थ्रो! हातानं फेकलेला बॉल थेट गोलसमोर जाऊन पडायचा. टीममधी त्याला घेतलं होतं ते ह्याच्यासाठीच.

मॅच संपत आली होती, बरोबरीत. सुमेध थ्रोला आला, माझ्यापासून चार पावलांवर. आन् मी — आता कसं सांगू — मी पाठमोरा होतो. मागं बसलेल्या पोरांना कदम सर करून दाखवायलो होतो. पोट पुढं, शिट्टी तोंडात असल्यासारखे गाल फुगवलेले. पोरं हसून लोळायली होती. आरडाओरड झाली म्हणून वळलो, तर बॉल जाळीत. सुमेधच्या थ्रोवर कुणीतरी डोकं लावलं होतं.

समोरची टीम ओरडायली — पाय उचलला, पाय उचलला! ती ओरडणारच की. कदम सर पळत माझ्याकडं आले. "काय रे, पाय बघितलास का?"

बघितलं न्हाई. एवढंच म्हणायचं होतं. काय झालं असतं? सर चिडले असते. मागची पोरं हसली असती — ह्या खेपेला मला.

मी म्हणालो, "उचलला, सर."

आन् तेवढ्यावर थांबलो न्हाई. करून दाखवलं. हात मागं, कंबर ताणलेली, आन् बॉल सुटायच्या ऐन टायमाला उजवा पाय अख्खा हवेत. सुमेध थ्रो मारताना जीभ दातात धरायचा, तेबी घातलं त्यात. सरांनी गोल रद्द केला. थ्रो दुसऱ्या टीमला. मग पेनल्टीवर सुमेधची टीम हरली.

मॅचनंतर तो माझ्याकडं आला. मला वाटलं, भांडायला आला.

"दादा, खरंच उचलला होता का? मला कळलंच न्हाई."

स्वतःच्या पायावर भरवसा न्हाई, माझ्या नकलेवर हाय! मी काय म्हणालो असेन? "होतं असं. सुधार."

त्यानं सुधारलं. मॅचच्या आधी एका पोराला पायाशी बसवायचा, त्याला बुटावर हात ठेवायला लावायचा आन् थ्रो मारायचा. पाय इतका गच्च दाबायला लागला की कंबरेतला जोरच गेला. थ्रो आखूड झाला. पुढच्या वर्षी थ्रो दुसरंच पोरगं मारायला लागलं आन् सुमेध बाहेर बसला. मला हे दिसत होतं बरं का. त्यांच्या मॅचला मी झेंडा घेऊन लाईनवरच असायचो — ह्याची नजर तेज हाय, असं कदम सर सगळ्यांना सांगायचे.

गेल्या महिन्यात चुडाव्याला एका दोस्ताकडं गेलो होतो. स्टेशनजवळच्या मोकळ्या जागेत सुमेध बारक्या पोरांना थ्रो शिकवायला होता. आता मोबाईलच्या दुकानात असतो, संध्याकाळी हे. मला बघून लय खूश झाला. चहा घेतल्याशिवाय सोडणार न्हाई म्हणाला. मग पोरांकडं वळला.

"माझ्या एका पायापायी आमची टीम विभागाला गेली न्हाई रे. तुमी तसं करू नका. ह्या दादानंच पकडलं होतं मला. दादा, दाखव की ह्यांना, मी कसा उचलला होता ते."

पोरं बघायली होती. सुमेधबी बघायला होता — हसत, मनापासून.

मी बॉल घेतला. हात मागं नेले. आन् उजवा पाय उचलून दाखवला.