सगळीकडे आपली माणसं

त्या वर्षी मी देवळाली प्रवऱ्याच्या शाळेत भूगोल शिकवत होतो. लग्न ठरलं होतं, दिवाळीनंतर व्हायचं होतं. संसार सुरू झाल्यावर आईला घेऊन महिनाभर हिंडणं जमणार नाही, एवढं मला कळत होतं. म्हणजे मे महिन्याची सुट्टी हीच काय ती संधी.

"कुठं जायचं?" असं विचारलं तेव्हा ती शेंगा फोडत होती. मान वर न करता म्हणाली, "जितं मला कुनी वळखत न्हाई अशा गावात."

मी हसलो. तिनं जन्मात दोनच गावं पाहिली होती, माहेर आणि हे. घरातून मळ्यात जाईपर्यंत तिला दहा जण हटकत. "कुठं निघाला, वैनी?" की हिचा हात डोक्यावरच्या पदराकडे जाई. वडील वारले तरी त्यांचे थोरले चुलतभाऊ गल्लीत होतेच, त्यामुळे तो पदर उजाडल्यापासून निजेपर्यंत डोक्यावरून ढळत नसे. हे मी रोज पाहत होतो, म्हणजेच पाहत नव्हतो.

भूगोलाच्या मास्तराच्या हाती रेल्वेचं वेळापत्रक देऊ नये. राहुरीहून दौंड, तिथून सोलापूर, गुंटकल, मद्रास, रामेश्वर, कन्याकुमारी असा चार आठवड्यांचा बेत मी वहीत मांडला. गाड्या सगळ्या पॅसेंजर, मुक्काम धर्मशाळेत. गाडी बदलायची तिथं लाल शाई. शेवटच्या पानावर हातानं काढलेला नकाशा. आठवडाभर मला दुसरं काही सुचलं नाही.

पण धर्मशाळेत रात्री-अपरात्री काही झालं तर? आमच्याकडे तालुक्याबाहेर पाऊल टाकायचं तर आधी ओळख काढावी लागते. मीही काढली. सोलापूरला वहिनीचे मामा होते. गुंटकलला शेजारच्या गावचा एक जण रेल्वेत होता. मद्रासला आमच्याकडचा कांदा घेणारा अडत्या निघाला, आणि रामेश्वरच्या एका उपाध्यायांचा पत्तासुद्धा मिळाला. सगळ्यांना मी जोडकार्डं टाकली. अर्धं कार्ड उत्तरासाठी कोरंच जोडलेलं असल्यानं समोरच्याला आळस करायला जागा उरत नाही. उत्तरं आली. "अवश्य या. स्टेशनावर माणूस पाठवतो." प्रत्येक कार्ड मी आईला वाचून दाखवी.

"तितंबी आपलंच मानूस?" ती विचारी.

"मग! आता काळजीच नाही."

ती पुन्हा कामाला लागे. तिला हायसं वाटतंय अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

निघायचा दिवस पंचांगात चांगला नव्हता, म्हणून थोरल्या भावानं प्रस्थान ठेवायला सांगितलं. आधीच्या चांगल्या दिवशी एक लुगडं, मूठभर तांदूळ आणि सुपारी असं गाठोडं बांधून आईनं शेजारच्या मावशींकडे नेऊन ठेवलं. गाठोडं उंबऱ्याबाहेर पडलं की माणूस प्रवासाला निघालाच असं धरतात. मात्र पाच दिवसांच्या आत ते उचलायचं आणि घरी न परतता थेट वाटेला लागायचं.

दुसऱ्याच दिवशी रेडिओवर रेल्वेच्या संपाची बातमी आली. गाड्या बंद. एक गाडी चुकली तरी माझा दिवस नासतो, इथं तर सगळी रेल्वेच रुसली होती. मी निमूटपणे सगळ्यांना नकाराची कार्डं लिहिली आणि आईला म्हणालो, "दिवाळीला बघू." दिवाळीला काय होतं ते दोघांनाही ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी सकाळी "गठुडं घेते" म्हणून ती गेली. चहा निवला तरी परत येईना. शेवटी मी मावशींकडे गेलो.

"ती व्हय? कवाच गेली. म्हनली, गठुडं उचलल्याव घरी फिरायचं नसतं."

सायकल काढून मी फाट्यावर गेलो. लिंबाखाली ती गाठोडं मांडीवर घेऊन बसली होती.

"कुठं निघालीस?"

"यष्टी चालू हाय न्हवं?"

"आहे. पण आपलं सगळं ठरलेलं..."

"तुझं ठरलेलं. समदीकडं वळखीचीच मानसं बशिवलीस. मंग हितंच काय वाईट हुतं?"

मला राग आला. महिन्याभराची मेहनत होती ती. तसाच तणतणत घरी गेलो, सायकल लावली, पिशवीत कपडे कोंबले. वही मात्र घेतली नाही. फाट्यावर परत येईपर्यंत राग उतरला होता आणि लाज वाटत होती.

सोलापूरची गाडी मिळाली. मामांकडे ती काही केल्या येईना, म्हणून आम्ही स्टँडजवळच्या धर्मशाळेत झोपलो. दुसऱ्या दिवशी दुपारी विजापूरला उतरलो. तिथल्या धर्मशाळेच्या पायरीवर एक फुलवाली बसली होती. तिनं आईला कानडीत काही विचारलं. आईला अक्षर कळलं नाही. ती खुदकन हसली, तिच्या शेजारी टेकली आणि डोक्यावरचा पदर तिनं खांद्यावर घेतला. किती तरी वेळ तशीच बसून राहिली. तिचे केस सगळे पांढरे झाले होते. मला ते त्या दिवशी कळलं.

फार लांब गेलो नाही. बदामी केली, तुंगभद्रेपर्यंत पोचलो. अठरा दिवसांत ओळखीचं एकही माणूस भेटलं नाही.

परतताना नगर सोडल्यावर ती मळ्याच्या पाण्याविषयी बोलत होती. राहुरी मागं पडली, आमचा फाटा आला, कंडक्टरनं घंटी मारली. तिनं पदर डोक्यावर ओढला, दोन्ही कान झाकले गेल्याची खात्री करून घेतली, मगच उतरली. फाट्यावर कुणीतरी होतंच.

"कुठं गेल्ता, वैनी?"

"हितंच," आई म्हणाली.