मी पास केलेला माणूस

सावेडीतल्या ऑफिसात भरती बघणाऱ्या मॅडम आणि मी एकाच मजल्यावर बसायचो, पण आमचं धड बोलणं नव्हतं. फर्म मोठी, मुख्य ऑफिस पुण्यात. नगरच्या शाखेत बाहेरच्या कंपन्यांचे हिशेब तपासून द्यायचं काम चालायचं. ते करणारी टीम माझ्याकडे, त्या टीमला माणसं आणायचं काम मॅडमकडे. मुलाखतीची पहिली फेरी त्या घ्यायच्या, दुसरी मी. त्यांनी पसंत केलेली बहुतेक माणसं मी परत पाठवायचो.

"सर, माणसं कमी आहेत म्हणून तुम्हीच ओरडता, आणून दिली की तुम्हीच नको म्हणता."

"त्याला घसारा म्हणजे काय ते सांगता येत नाही, मॅडम. नुसतं इंग्रजी छान आहे. त्याचं काम आम्ही करायचं का?"

"शिकवा की."

"कधी?"

खरंच वेळ नसायचा. मॅडम उमेदवारांना सांगायच्या, सहाला सुट्टी होते. सप्टेंबरात ऑडिटची मुदत जवळ आली की आम्हाला जेवायची फुरसत नसायची, आणि नवीन माणूस माझ्याकडे मीच फसवल्यासारखा बघायचा. कंटाळून सोडून जाताना तो मॅडमना कारण सांगायचा, टीम लीडर फार बोलतात. ते पुण्याला पोचायचं. मीही पुण्याला कळवायचो, भरतीत दम नाही. तिथले साहेब दोघांचं शांतपणे ऐकून घ्यायचे आणि दोघांनाही 'बघू' म्हणायचे.

उन्हाळ्यात मॅडमनी एक देवळाली प्रवराचा माणूस आणला. पुण्यात चांगल्या नोकरीला होता, पण वडिलांना अर्धांगवायू झाल्यामुळे गावाजवळ यायचं म्हणत होता. मी मुद्दाम अवघड विचारलं. "हे मला येत नाही सर, पण कुठं बघायचं ते माहीत आहे," तो म्हणाला. हे उत्तर मला आवडलं. बाहेर येऊन मी मॅडमना म्हणालो, "हा पाहिजे."

त्यांचा चेहरा पडला. "घाई नको, सर. अजून उमेदवार आहेत."

"चांगला मिळाला तर तुम्हालाच नको झालाय का?"

"तुमच्या टीमच्या मानाने याचा अनुभव जास्त आहे. तुम्ही नको म्हणालात तर मी तसं कळवते."

माझी पसंती यांना खपत नाही, एवढंच मला वाटलं. त्याच रागात मी पुण्याला लिहिलं की हा माणूस टीम एकटा सांभाळू शकेल.

तो रुजू व्हायच्या आठवड्यात पुण्याचे साहेब आले. मला केबिनमध्ये बोलावलं. मॅडम कोपऱ्यात लॅपटॉपवर मान घालून बसल्या होत्या. साहेब म्हणाले, "शाखेचा खर्च कमी करायचाय. गावाजवळ यायचं म्हणून तो कमी पगारावर तयार आहे, आणि टीम सांभाळेल असं तुम्हीच कळवलंय. महिनाभर त्याला सगळं दाखवा आणि मोकळे व्हा."

मी मॅडमना विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

उत्तर साहेबांनीच दिलं, "त्यांचं काम गोपनीय असतं."

संध्याकाळी पार्किंगमध्ये मॅडम मागून आल्या. "सांगितलं असतं तर माझी नोकरी गेली असती, सर. घरात मी एकटी कमावते."

"त्या दिवशी एक वाक्य सरळ बोलला असतात तरी..."

"माझं तुम्ही कधी ऐकलंत?"

मी स्कूटर सुरू केली.

नवीन माणसाला दोन दिवसांत सगळं समजलं. जेवणाच्या सुट्टीत तो माझ्या टेबलापाशी येऊन उभा राहिला. "ही तुमची जागा आहे, हे मला कुणी बोललं नव्हतं. सोडू का?"

"वडील कसे आहेत?"

"अंथरुणातच आहेत."

"मग सोडू नका."

महिनाभर त्याला शिकवलं. तो हुशार होता, आणि त्याचाच मला जास्त त्रास व्हायचा. नगरची खोली सोडून मी कोल्हारला घरी आलो. वडील ओट्यावर बसले होते.

"तुझी काय चूक झाल्ती का?"

"न्हाई."

"मंग काढलं कशापायी?"

मी बराच वेळ सांगत राहिलो. ते मान हलवत होते, पण त्यांना पटत नव्हतं. चुकीशिवाय कुणी काढत नाही, असं त्यांना वाटत असावं. गावातही तसंच वाटत असणार.

आता मी राहुरीला एका कर सल्लागाराकडे बसतो. वर्षाच्या आत भरतीचं काम पुण्याहून व्हायला लागलं आणि मॅडमनाही काढलं. त्यांचा फोन आला होता. "सर, तुमच्याकडे काही आहे का? कसलंही चालेल."

इथं मालक आणि मी, दोघंच. भरती कसली करणार? तसं सांगितलं. त्या 'बरं' म्हणाल्या. फोन कुणीच ठेवला नाही. मग त्यांच्याकडे कुकरची शिट्टी झाली आणि 'ठेवते' म्हणून त्यांनी फोन ठेवला.