आमच्या गावची वेळ

स्वाभिमान म्हणे! रेल्वेचं घड्याळ दूरच्या शहराच्या वेळेनं चालायचं, बऱ्हाणपूरच्या घड्याळापेक्षा पाव तास पुढे, म्हणून आमच्या लोधीपुरा मोहल्ल्याच्या नागरिक सभेनं ठराव केला: रेल्वे काही म्हणो, आम्ही आमच्या सूर्यानंच चालणार. ज्याला गाडी पकडायची त्यानं मनात हिशेब करावा. सभेचे अध्यक्ष आमच्या समोरच राहत. त्यांना कुठं जायचं होतं!

आम्हाला जायचं होतं. आईला काचबिंदू. खंडव्याला गोरा डॉक्टर एका दिवसापुरता येणार होता. आता शस्त्रक्रिया झाली नाही तर दृष्टी जाईल, असं इथल्या दवाखान्यात सांगितलेलं. मामानं मुहूर्त काढला पहाटेचा, गाडी तर दुपारची. मग रीतीप्रमाणे प्रस्थान ठेवणं आलं. हळद, सुपारी, तांदूळ फडक्यात बांधून मुहूर्तावर दुसऱ्याच्या घरी ठेवायचे, म्हणजे प्रवास सुरू झाला असं धरतात. निघताना ते गाठोडं उचलायचं. मामानं ते ठेवलं कुठं? तर अध्यक्षांच्या देवघरात. मान द्यायचा होता ना!

दुपारी टांगा दारात, आई आत बसलेली, आणि अध्यक्षसाहेब जेवून आडवे झालेले. मी म्हणालो, "मामा, रेल्वेची वेळ पुढं असते. राहू द्या ते गाठोडं, चला."

"येडा झाला का तू? प्रस्थान सोडून कोणी जातं का? साहेबांचं घड्याळ आहे ना, टाइम भरपूर आहे."

साहेब उठले. घड्याळाकडे पाहिलं, सावकाश गाठोडं आणलं, वर मामाला विडा करून दिला. "आरामात जा," म्हणाले.

लालबागला, गावच्या स्टेशनात शिरलो तर गाडीचा शेवटचा डबा दिसला. मामाची मान पिरगळावी असं वाटलं मला. पुढची गाडी रात्रीची; तिनं गेलो, सकाळी पोचलो. खंडव्याच्या दवाखान्यातला कंपाउंडर म्हणाला, डॉक्टरसाहेब काल संध्याकाळीच परत गेले. मामा म्हणाला, नशीब! नशीब कसलं, डोंबल!

उन्हाळ्यापर्यंत आईला काहीच दिसेना. त्याच सुमारास चौकात अध्यक्षसाहेबांचा सत्कार झाला, गावाचा बाणा राखला म्हणून. वैद्याकडून आईला हाताला धरून आणत होतो. टाळ्या ऐकून ती थांबली.

"कोणाचं कौतुक चाललंय रे?"

मी दातओठ खात सांगितलं.

"मोठा माणूस," म्हणाली, आणि तिनं हात जोडले. तोंड तिचं भिंतीकडे होतं.