सगुणाची काळी बोटं

सगुणा भाट्येकरच्या बोटांवरचे काळे डाग मला अजून खुपतात. सिल्व्हर नायट्रेटचे डाग ते, कितीही घासा, जात नाहीत. पंचावन्न साली रत्नागिरीच्या कॉलेजात सायन्सला मुली मोजक्याच, आणि त्यांत खो-खो खेळणारी ही एकटी.

मीही आधी सायन्सलाच होते. पण दुपारी प्रॅक्टिकल आणि संध्याकाळी सराव, दोन्ही जमायचं नाही असं माझं मीच ठरवलं आणि आर्ट्सला गेले. मला कप्तान व्हायचं होतं. मैदानावर सगळ्यांच्या आधी मी हजर. सगुणा मात्र ॲसिडने भोकं पडलेलं पातळ खोचत प्रयोगशाळेतून धावत यायची, आणि भाट्याच्या खाडीवरची शेवटची होडी चुकेल म्हणून तशीच धावत जायची. दोन डगरींवर पाय ठेवणाऱ्याचं काय होतं ते बघूच, असं मी मनात म्हणायचे.

खेळाच्या सरांनी कप्तान म्हणून तिचं नाव घेतलं. "कुसुम, सरावाला तू जास्त येतेस, पण तिच्या हातून गडी सुटत नाही," म्हणाले. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

होडीच्या वाटेवर मी तिला गाठलं. "सायन्सही तुलाच, कप्तानपदही तुलाच! मला काय उरलं गो?"

"तुला सायन्स सोड म्हणून कोणी सांगितलान?"

कोणीच नाही. तेच तर झोंबलं. "आता दिशा धरली," मी म्हटलं, "मागे कशी फिरू?" खो-खोत पाठलाग करणाऱ्याला अर्ध्यातून वळता येत नाही, हा आमचा पहिला धडा.

"खांबाला वळसा घातलास की फिरता येतं ना? वर्ष फुकट जाईल, जाऊ दे. जूनमध्ये परत ये गो. मी हाय."

कप्तानपद घेऊन वर शहाणपण शिकवते! जूनमध्ये मी मुद्दाम तिच्या डोळ्यांदेखत आर्ट्सच्याच रांगेत उभी राहिले.

सगुणा बी.एस्सी. झाली आणि त्याच प्रयोगशाळेत शिकवायला लागली. यंदा माझी धाकटी बहीण उमा तिच्या हाताखाली आहे. परवा उमा बोटं काळी करून आली. मी तिला मोरीवर नेऊन नारळाच्या काथ्याने घासघास घासलं.

"ताई, जात नाहीत ते," उमा हसत म्हणाली. "आणि सोड ना आता, मला सरावाला उशीर होतोय. सगुणाबाई म्हणाल्यात, दोन्ही जमतं."

म्हणजे आता जळायला मला घराबाहेरही जायला नको.