मामंजींची क्रियापदं

अख्ख्या पनवेलमध्ये कुणी मिठात गुंतलेलं असे, कुणी भातात, कुणी कचेरीत. इटालियन क्रियापदांत गुंतलेला माणूस एकच होता आणि तो मला सासरा म्हणून लाभला. दुसऱ्या मोठ्या लढाईत मामंजी इंग्रजांच्या फौजेत होते आणि इटलीत कैदी झाले. परतताना इतरांनी बूट आणले, कांबळी आणली. यांनी क्रियापदं आणली. झाडांना पाणी घालताना, दाढी करताना त्यांची रूपं चालत. ‘मांजारे’ म्हणजे खाणे. शेवटचं ‘आरे’ छाटायचं आणि नवी शेपटं लावायची: मांजो, मी खातो; मांजी, तू खातोस; मांजा, तो खातो किंवा ती खाते. एकदा कोळीण दारात टोपली उतरवते तोच मांजरीने एक कोलंबी पळवली. मामंजी आनंदाने ओरडले, "मांजा! मांजा!" कोळीण म्हणाली, "मांजा पतंगवाल्याकडं, आजोबा. माज्याकडं कोलंबी हाय, ती पन आता कमी झाली." जेवतानाही तेच. शेवटी सासूबाई म्हणत, "रूपं पुरे, भात निवतोय."

मी मॅट्रिकला इंग्रजीत नापास होऊन या घरात आले होते. व्याकरणाची मला भीतीच बसली होती. पुन्हा परीक्षेला बसायचं मनात होतं, पण बोलायची हिंमत नव्हती. मामंजींनी ते कसं ओळखलं देव जाणे. म्हणाले, "सूनबाई, इंग्रजीशी तुझं वाकडं आहे ना? मग आधी इटालियनशी सोयरीक कर."

हा उपाय ऐकून घर हसलं. पण लसूण सोलता सोलता मी शिकले. चुकले तर ते कधी रागावले नाहीत, म्हणत, "शेपूट चुकलं, धड शाबूत आहे. पुन्हा लाव." सहा शेपटं जिभेवर बसल्यावर इंग्रजी क्रियापदाला लागणारा एकुलता एक ‘एस’ मला अगदी गरीब वाटू लागला. भीतीच गेली. मी पास झाले.

निकालाच्या दिवशी मी त्यांच्या पाया पडले. "तुमचे आभार कसे मानू?"

"रिंग्रात्सियारे," ते म्हणाले. "आभार मानणे. आरे गट. चालव."

मी सहाही रूपं म्हटली. मग विचारलं, "मामंजी, तुम्हाला हे शिकवलं कुणी?"

पहिल्यांदाच त्यांनी सांगितलं. कैदेतून निसटल्यावर एका म्हाताऱ्या शाळामास्तरणीने त्यांना हिवाळाभर गवताच्या कोठारात लपवलं होतं. जर्मनांना सापडले असते तर त्यांनी तिला गोळी घातली असती. ती भाकरी घेऊन येई आणि कुजबुजत क्रियापदं शिकवी. वर्तमानकाळ संपला, भूतकाळ उद्या, असं ती म्हणाली, आणि दुसऱ्या सकाळी आपली फौज आली. ट्रकमध्ये चढवलं, ट्रक सुटला.

"आभार राहिले," मामंजी अंगणाकडे बघत म्हणाले. "ती आहे की नाही, तेही ठाऊक नाही."

मी त्यांच्याजवळ पायरीवर बसले आणि हळूच म्हटलं, "रिंग्रात्सियामो. आपण आभार मानतो." त्यांनी मान हलवली.